रजेवर

सुट्टीच्या दिवशी शाळेत बोलावलं म्हणून
चौथीचा वर्ग माझ्यावर रुसलेला.
एकोणीस डिसेंबर. डिचोलीपलीकडचा कुळणवाडा.
मिरचीच्या रोपांवर दहिवर अजून तसंच,
पोदेराची सायकल नुकतीच पों पों करत उतरून गेलेली.

‘हुतात्मा म्हणजे काय रे?’
तन्वेश माजीकने हात वर केला:
‘बसस्टॉप, टीचर.’

खरंच आहे. कंडक्टर रोज ओरडतो,
‘हुतात्मा कोण आहे? हुतात्मा पुढे या!’
आणि दुधाची किटली, मासळीची पाटी,
कुणाची तरी सासू
अशी सगळी मंडळी उतरतात.

व्याख्या होती माझ्याकडे, दोन ओळींची,
वहीत उतरवून घेण्याजोगी.
खडू उचलला, परत ठेवला.
एकेकाच्या हातात नारळाचं सोडण दिलं
आणि घेऊन गेले स्टॉपमागच्या दगडाकडे.

खाणीचे ट्रक वर्षानुवर्षं त्याच्या अंगावरून गेल्यासारखे.
दगड लाल, अक्षरं लाल, भोवतीचं गवतही.
दुर्गीने कळशी उपडी केली तेव्हा तांबडा ओघळ
थेट तिच्या पायापर्यंत आला.
भाषणात इथे कोणता शब्द येतो, मला ठाऊक आहे.
ती खनिजाची धूळ होती. मी धूळच म्हटलं.

शिवलिंगचा बाप कोप्पळहून आलाय, खडी फोडायला.
शिवलिंगला पुस्तकातली जोडाक्षरं अडतात.
तो खाचांतून बोट फिरवत गेला:
लान्स नायक खीमानंद.
शिपाई अर्जन लाल.
कोरलेलं त्याला वाचता येतं, हे मला आजवर माहीत नव्हतं.
तिसऱ्या ओळीत ‘शिपाई दे’ एवढंच.
पुढचा कोपरा एका ट्रकने मागे येताना नेला.

‘दे म्हणजे? पुढे काय?’
‘देमू असेल.’
‘देवेंद्र, आमच्या मामासारखं.’
‘माझ्या आज्याचं नाव देवप्पा,’ शिवलिंग म्हणाला
आणि दगडावरचा हात काही काढेना.

सगुण मळीक आले, पंक्चरचं दुकान बंद करून,
ग्रीसचे हात तसेच.
‘मी तेव्हा तुमच्याएवढाच.
तिघांतला एक आमच्या बावीवर आला.
त्याची हिंदी मला कळेना, माझं त्याला कळेना.
आईने माझ्यासाठी झाकून ठेवलेली पेज होती, ती दिली.
पायांना हे एवढे फोड.
बूट काढले, बघितले, परत घातले.’
‘मग?’
‘मग काय? भांडं परत दिलं. विसळून.’
‘मग?’
ते ओहळाकडे बघत राहिले.
‘नाव विचारायचं सुचलं नाही रे.’

परतायच्या आधी हजेरी घेतली, सवयीने.
एकवीस पोरं, एकवीस ‘हजर’.
मग पट न मिटता, आवाज न बदलता, पुढे गेले:
लान्स नायक खीमानंद.
शिपाई अर्जन लाल.
शिपाई दे
आणि माझी जीभ तुटक्या कोपऱ्याशी अडली.

‘रजेवर,’ दुर्गी म्हणाली.
तिचा बाप पलटणीत आहे.
चवथीला येतो म्हणाला होता. मग दिवाळीला.
‘एवढ्या वर्षांनी तरी मिळाली असेल ना रजा, टीचर?’

डी.एड.ला हे कुणी शिकवलं नव्हतं.
पटाच्या तळाशी पेन्सिलीने तीन चौकोन काढले,
त्यांत काहीच भरलं नाही.

अकराची बस आली.
‘हुतात्मा कोण आहे? लवकर उतरा!’
दोघीतिघी फिस्सकन हसल्या, रोजच्यासारख्या.
तन्वेश दाराशी थांबला होता,
उतरणाऱ्या प्रत्येकाच्या पायांकडे बघत.